आठव्या महिन्याचं चेडू

सातव्या महिन्यात जन्मलेलं मूल जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, हे आमच्या किनाऱ्यावर कुणी कुणाला शिकवत नसे. मासा खारवायला मीठ लागतं हे जसं पोरांना आपोआप कळतं, तसंच हेही कळायचं. सातव्यातलं म्हणे देवाने घाईघाईने पाठवलेलं, म्हणून तो त्याची काळजी घेतो. आठव्यातलं वाट चुकून आलेलं, ते आल्या वाटेने परत जातं. याला आधार काय, असं विचारणारी माणसं बंदरावरच्या त्या बारा खाटांच्या सरकारी दवाखान्यात १९५५ साली दोनच होती. एक साताऱ्याकडून बदलून आलेला तरुण डॉक्टर, आणि दुसरी तिथली आया, तुळसा. डॉक्टर विचारायचा, कारण तो पुस्तकं वाचून आला होता. तुळसा विचारायची, कारण तिने सूप पाहिलं होतं.

तुळसा मिठबावची. नवरा गलबतावर खलाशी. सोळाव्या वर्षी ती पहिलटकरीण बाळंत झाली ती आठव्यात. मुलगी झाली, मुठीएवढं चेडू. सुईणीने नाळ कापली, पोर एका जुनेरात गुंडाळून सुपात ठेवली आणि सूप माजघराच्या कोपऱ्यात सरकवलं. कुणी दुष्ट नव्हतं हो त्या घरात. सासू तर सुपाशी बसून रडली. पण दूध पाजून काय उपयोग, जाणाऱ्या जिवाला कशाला मायेत अडकवा, असं सगळ्यांचं एकमत. तुळसाची छाती भरून यायची, ती भांड्यात पिळायची आणि परसात माडाच्या मुळाशी ओतायची. पोर मात्र हट्टी निघाली. एका दिवसात जाईल म्हणत होते, ती चार दिवस रडली. पाण्यावाचून, दुधावाचून, कोपऱ्यातल्या गारठ्यात चार दिवस. चौथ्या दिवशी दुपारी आवाज थांबला तेव्हा सासू म्हणाली, "सुटलां बिचारां." नाव ठेवायची वेळच आली नव्हती, त्यामुळे पुढे आयुष्यभर तुळसाला ती आठवायची ती नावाशिवायच.

दोन वर्षांनी नवऱ्याचं गलबत रत्नागिरीच्या पुढे कुठेतरी फुटलं. तुळसा देवगडच्या एका बागाईतदाराकडे आंब्याच्या अढीवर कामाला लागली. भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर आंबे, पुन्हा पेंढा, अशी अढी घालतात. आत ऊब धरते आणि फळ पिकतं. ऊब कमी पडली तर आंबा सुरकुततो, जास्त झाली तर कुजतो. ती ऊब पाहायची हाताच्या पाठीने, तळव्याने नव्हे. तळवा कामाने राठ झालेला असतो, तो काहीही सांगतो. तुळसा पेंढ्यात हाताची पाठ घालून सांगायची, ही अढी आज उघडा, ती उद्या. पंधरा वर्षांत तिचा अंदाज चुकला तो एकदाच, आणि त्या दिवशी तिला स्वतःलाच ताप होता. बावन्न साली दवाखान्यात आयाची जागा निघाली तेव्हा ते हात घेऊन ती इकडे आली.

पंचावन्नच्या डिसेंबरातली गोष्ट. एका सकाळी बैलगाडीतून शेवंती नावाची बाई आली, कळा देतच. बरोबर तिची सासू, जानकी. साठीची, सडपातळ, नऊवारी घट्ट नेसलेली, आणि अख्ख्या वाडीला जिचा धाक वाटावा अशी. शेवंतीचा नवरा दत्ताराम मुंबईला गोदीत नोकरीला होता. शेवंतीला जेमतेम खाटेवर घेतली आणि मुलगी झाली. डॉक्टरने काट्यावर ठेवली तर सव्वातीन पौंड. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या. रडणं म्हणजे मांजराच्या पिल्लाचं म्यावणं.

डॉक्टर म्हणाला, "मुंबईत असतो तर काचेच्या पेटीत ठेवली असती. इथे तीनच गोष्टी आपल्या हातात आहेत. ऊब, आईचं दूध आणि स्वच्छ हात. पाच पौंड होईपर्यंत ही इथून हलता कामा नये." शेवंतीला मात्र सडकून ताप भरला होता. तिला स्वतःचाच हात उचलवत नव्हता, तर ती पोर काय धरणार.

जानकी बाहेर ओसरीवर खांबाला टेकून बसली होती. मुलगी की मुलगा, हेही तिने विचारलं नाही. तुळसा बाहेर आली तशी म्हणाली, "गो, हंय सूप गावतलां काय?"

"सूप? तां कित्याक?"

"आठवेचां आसा तां. सुपात घालूक व्हयां."

वीस वर्षं झाली होती, आणि सूप पुन्हा दाराशी येऊन उभं राहिलं. डॉक्टरला बोलवावं तर तो बिचारा शुद्ध भाषेत व्याख्यान देणार आणि जानकी मान डोलावून पोर घरी नेणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. व्याख्यानाने कुणाचं सूप हललंय? तिच्या तोंडून निघून गेलं, "आठवेचां म्हणान कोणी सांगल्यान तुका? डाक्टर सातवो म्हणतत."

जानकीने वर पाहिलं.

"सातवो?"

"तर काय. नखां बघून कळता तेंका. आमी बोटां मोजतो, ते नखां बघतत."

जानकीचे ओठ काहीतरी पुटपुटल्यासारखे हलले आणि थांबले. मग ती उठली, पदर खोचला आणि विचारलं, "बरां. मगे काय करूचां?"

"आदी हात धुव. साबण लावन, कोपरापर्यंत," तुळसा म्हणाली.

डॉक्टरच्या पुस्तकात गरम पाण्याच्या बाटल्या होत्या. कापडात गुंडाळून पोराच्या दोन्ही अंगांना ठेवायच्या. तुळसाने दोन तास तो प्रयोग पाहिला. बाटली आधी चटका देई, मग कोमट, मग गार, आणि हे सगळं एका तासाच्या आत. अढी अशी पिकवली तर बागाईतदाराने तिला हाकलून दिलं असतं. ऊब हवी ती दिवसभर, रात्रभर एकसारखी. तिने सरळ जानकीला चोळी सोडायला लावली, पोर उघडीच तिच्या उरावर ठेवली, आणि वरून लुगड्याच्या जुन्या पट्टीने बांधून टाकली. डोक्याला तेवढं टोपरं.

"ह्या वयात माका अंगावर पोर बांधतंस?" जानकी लाजेने लाल झाली. वॉर्डातल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

डॉक्टर फेरीला आला आणि रागावला. हे कसलं खूळ, बाटल्या कुठे आहेत?

"बाटली थंड होते, डॉक्टरसाहेब," तुळसा जमेल तेवढ्या शुद्ध मराठीत म्हणाली. "म्हातारी थंड होत नाही." डॉक्टरने पोराच्या काखेत तापमापक धरला, वाचला, पुन्हा एकदा धरला आणि पुढच्या खाटेकडे गेला. संध्याकाळी त्याने येऊन बाटल्या कंपाउंडरला परत दिल्या. तो माणूस तरुण होता, पण आपलं चुकलं की गप्प बसायचं एवढं शहाणपण त्याच्यापाशी होतं.

मग दुधाचा झगडा. शेवंतीला पहिलं दूध आलं, पिवळट, घट्ट. जानकी ते फेकायला निघाली. पहिलं तीन दिवसांचं दूध बाळाला बाधतं, तोवर गुळाचं पाणी द्यायचं, ही आमची रीत. तुळसा दारात आडवी झाली.

"काकी, तुझी गाय व्याता तेवा चीक काय करतंस?"

"वासराक पाजतंय. उरलो त्याचो खरवस करतंय."

"पाजूक नाय तर?"

"नाय तर वासरू उबां रवाचां नाय."

"मगे वासराक कळता तां आमका कित्या कळणा नाय? चेडवाचो चीक गटारात ओततंस?"

जानकीने भांड्याकडे पाहिलं, तुळसाकडे पाहिलं. "तुझ्या तोंडाक कोण लागात," म्हणाली आणि भांडं तिच्या हाती दिलं.

पोराला चोखायची ताकद नव्हती. कंपाउंडर भाईने काचेची नळी उकळून दिली, तिच्यातून जिभेवर एकेक थेंब सोडायचा. दर दोन तासांनी, म्हणजे दिवसरात्रीत बारा वेळा. भिंतीवर घड्याळ होतं पण जानकीला ते वाचता येत नव्हतं, आणि तुळसा काही चोवीस तास एकाच खाटेशी बसू शकत नव्हती. तिने दोन करवंट्या आणि बारा सागरगोटे आणून ठेवले. घड्याळाचे ठोके दोनदा पडले की एक पाजणी, आणि एक सागरगोटा या करवंटीतून त्या करवंटीत. एखादी पाजणी चुकली तर सागरगोटा मागे राहतो आणि सगळ्या वॉर्डाला दिसतो. जानकीचा एकही कधी मागे राहिला नाही. ती जेवायला उठायची तेव्हा तुळसा पोर आपल्या अंगावर घ्यायची, हाताची पाठ त्या चिमण्या पाठीवर फिरवून पाहायची आणि परत द्यायची.

पहिल्या आठवड्यात तरी या कष्टांचं काही चीज दिसेना. सव्वातीन पौंडांची पोर तीन पौंडांवर आली. चौथ्या दिवशी ती श्वास घ्यायचीच विसरली. ओठ निळे झाले. तुळसाने तळपायावर टिचकी मारली, पुन्हा मारली, तिसरी जोरात मारली, तेव्हा पोर कळवळून रडली. तुळसाच्या स्वतःच्या बाबतीत चौथा दिवस शेवटचा होता. त्या दुपारी ती न्हाणीघरात जाऊन दोन मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिली, तोंडावर पाणी मारलं आणि परत आली. मनात तिने ठरवून टाकलं होतं, की ही पोर गेलीच तर पोट भरलेलं असताना जाईल, भुकेने नाही.

सहाव्या दिवशी जानकीने भाईकडे कागद मागितला. सटी पुजायची होती. त्या रात्री सटी येते आणि बाळाच्या नशिबाचं लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. जी म्हातारी पहिल्या दिवशी सूप मागत होती, ती आज पोराच्या नशिबासाठी कागद मागते आहे, हे पाहून तुळसाला इतका आनंद झाला की तो लपवायला ती उगाच एका पेशंटवर खेकसली. भाईकडे कागद नव्हता, त्याने एक कोरं पोस्टकार्ड दिलं. दुसऱ्या दिवशी कार्ड अर्थातच कोरंच होतं. जानकी काटकसरी बाई. म्हणाली, फुकट कशाला घालवा, दत्तारामाला याच्यावरच कळवूया. भाई रोग्यांची पत्रं लिहायचा आणि वाचायचाही. त्याने विचारलं, काय लिहू? जानकी म्हणाली, मुलगी झाली, सातव्या महिन्यात, दवाखान्यात आहोत, काळजी नको. भाईने वळणदार अक्षरात लिहिलं आणि कार्ड टपालात गेलं. तुळसा शेजारीच उभी होती. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही.

दोन आठवड्यांनी पोर सव्वातीन पौंड आणि वर दोन औंस झाली. शेवंतीचा ताप उतरला. वॉर्डातल्या ज्या बाया हसल्या होत्या त्या आता सकाळी उठल्याबरोबर विचारायच्या, रात्री किती सागरगोटे झाले? आणि नेमकं त्याच दिवशी मुंबईचं उत्तर आलं.

भाईने ते वाचलं आणि जानकीकडे न नेता तुळसाला औषधांच्या खोलीत बोलावून घेतलं. दत्तारामने लिहिलं होतं: "सातव्या महिन्यातलं मूल म्हणता. मी वैशाखात शेवटच्या बोटीने मुंबईस आलो. त्यानंतर पावसाळ्यासाठी बोटी बंद झाल्या, आणि मी गणपतीलाही आलो नाही. महिने तुम्हीच मोजा. हे मूल आणि त्याची आई आपल्या घरात राहता कामा नये. तिला ताबडतोब तिच्या माहेरी आरोंद्यास पोचवावे."

तुळसाने तिथेच बोटांवर महिने मोजले. वैशाखाच्या अखेरीपासून मोजलं तर पोर आठव्यातलंच. आठवा म्हटलं की बाप दत्ताराम. सातवा म्हटलं की दिवस राहिले ते मृगाच्या नंतर, दर्या खवळलेला, बोटी बंदरात ओढलेल्या, आणि दत्ताराम शेकडो मैल दूर. सगळं कोकण बोटींच्या वेळापत्रकावर जगायचं, पोरं व्हायची तीसुद्धा त्याच्यावरच. आणि तिने खोटं बोलताना नखांचा विचार केला, बोटांचा केला, बोटीचा केला नाही.

"कार्ड उघडां आसता," भाई हळूच म्हणाला. "पोस्टमनान वाचल्यान आसतलां. सांजेपर्यंत वाडीत कळतलां."

गप्प बसावं तर शेवंतीला आरोंद्याला धाडणार. थंडीच्या दिवसांत दोन गाड्या आणि एक होडी बदलून, साडेतीन पौंडांचीही न झालेली पोर घेऊन. ती वाटेतच जाणार, आणि वर आईला जन्मभराचा काळिमा. खरं सांगावं तर पोर पुन्हा आठव्यातली होणार, आणि आठव्यातल्या पोराचं काय करायचं हे जानकीला चांगलं ठाऊक होतं. तुळसाने कार्ड हातात घेतलं. एका बाईच्या अब्रूवर पोर जगवता येत नाही, एवढं तिला कळत होतं. बाकी जे व्हायचं ते तिच्यासमोर होऊ दे, ती या वेळी कोपऱ्यात बसून राहणार नव्हती.

जानकी ओसरीवर कोवळ्या उन्हात बसली होती, पोर उरावर बांधलेली. दाराच्या आत शेवंती खाटेवर उठून बसली होती. तुळसा जमिनीवर जानकीच्या समोर बसली.

"काकी, मी खोटां बोललंय. डाक्टरान सातवो म्हटल्यान नाय. मी म्हटलंय. चेडू आठवेचांच आसा."

मग तिने कार्डात काय आहे ते सांगितलं. खाटेवर शेवंतीने तोंडावर हात घेतला. तुळसा थांबली नाही, थांबली असती तर पुढचं बोलणं झालं नसतं. "शेवंतीचो काय एक दोष नाय. दोष माझो. पण आता सगळां आयक. माझां चेडू आठवेचां होतां. आमी तेका सुपात घातलां. जगणा नाय म्हणान दूध दिलां नाय. चार दिवस रडलां तां, काकी. दूध दिलां नाय म्हणान तां जगलां नाय, महिन्यान नाय मारल्यान तेका. तुझां बघ. सोळा दिवस झाले. तां काय मोजता, सात की आठ? तुका सूप व्हया तर आदी माका हंयसून उचलून भायर टाक."

जानकीचा एक हात पोराच्या पाठीवर होता, तो तसाच राहिला.

"माका म्हायत होतां," जानकी म्हणाली.

"काय म्हायत होतां?"

"आठवो आसा तां. गो, माझ्या घरात कोण कधी भायर बसता तां माका म्हायत नसतलां? ज्येष्ठात शेवंती भायर बसली नाय. तेवापासून मी बोटां मोजतंय. डाक्टराचा बापूस इलो तरी माझी बोटां चुकाची नाय."

"मगे तू माका तेवाच कित्या सांगलंस नाय?"

जानकीने मान खाली घातली. पोराच्या टोपऱ्यावर तिचं पाणी पडलं आणि तिने ते पदराने टिपलं. "दत्तारामाच्या आदी माका एक झालां. आठवेचांच. माझ्या सासवेन सूप हाडल्यान. तेवा कोण माका सातवो म्हणूक नाय इलां." तिने पोराला बांधलेली पट्टी घट्ट केली. "तू सातवो म्हटलंस आणि माका धरूक गावलां. वाडीत कोण विचारीत तर सांगूक गावलां. खोटां आसा तां माका कळलां, पण मी तां सोडूचंय नाय असां ठरयलंय. बोटीचां तेवढां ध्यानात इलां नाय."

एकीने खोटं सांगितलं, दुसरीने जाणूनबुजून खरं मानलं, आणि दोघी शहाण्यांना मिळून बोट आठवली नाही.

खाटेवरून शेवंतीचा आवाज आला. ती रडत होती, पण आवाज रडका नव्हता. "दोन ठोके पडान गेले. दूध काडतंय मी. आणि कार्ड लिवा. माजां नाव घालून लिवा."

आधी सागरगोटा पलीकडच्या करवंटीत गेला, मग भाईला बोलावलं. जानकीने सांगितलं ते त्याने लिहिलं: "चि. दत्ताराम यास आशीर्वाद. मूल आठव्या महिन्यातलं आहे. सातवा लिहिला ती माझी चूक, सुनेची नव्हे. वैशाखातली शेवटची बोट तुला आठवत असेल, नसल्यास शेवंती आठवण करून देईल. मूल माझ्या उरावर आहे. ते किंवा त्याची आई आरोंद्यास जाणार असतील तर मीही त्यांच्याबरोबर जाईन, मग घराची किल्ली कोणाकडे ठेवू ते कळव." भाईने अनमान करत विचारलं, कार्डावर नको, पाकिटात घालू का? जानकी म्हणाली, "कार्डारच घाल. पयलां पोस्टमनान वाचल्यान, आता ह्यां पण वाचूंदे."

पोस्टमनने वाचलं असावं, कारण चार दिवसांत वाडीतल्या तीन बाया पोर बघायला आल्या. आठव्यातलं मूल इतके दिवस जगलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मुंबईचं उत्तर यायला मात्र बारा दिवस लागले. ते बारा दिवस जानकीने कुणाला काही दिसू दिलं नाही, पण ती जेवण टाकून उठायची. शेवटी बोटीवरून एक पार्सल आलं. त्यात चिठ्ठी नव्हती. लाल फलाणीचं वारभर कापड होतं आणि दोन लहान मोजे. जानकीने कापड गालाला लावून पाहिलं. "अकलेन कमी आसा, पण माझो झिल वायट नाय," एवढंच ती म्हणाली.

फेब्रुवारीत पोर पाच पौंडांची होऊन घरी गेली. नाव ठेवलं मंजुळा. जाताना जानकीने करवंट्या तिथेच ठेवल्या, सागरगोटे मात्र ओच्यात बांधून नेले.

त्यानंतर तुळसाने कुणाला महिना खोटा सांगितला नाही. गरजच उरली नाही. आठव्यातलं मूल आलं आणि घरच्यांनी मान फिरवली की ती जानकीला निरोप धाडायची. जानकी मंजुळाला काखेला मारून तीन मैल चालत यायची, पोरीला ओसरीवर उभी करायची आणि म्हणायची, "ह्यां आठवेचां. काय बोलूचां तां हेच्याकडे बघून बोला." सगळीच मुलं वाचली असं नाही. वर्षाला दोन आली तर एखादं जायचं, कधी दोन्ही जायची, आणि अशा दिवशी तुळसा कुणाशी बोलायची नाही. पण एकही उपाशी गेलं नाही. डॉक्टरची बदली झाली, दुसरे आले, त्यांनाही दोन करवंट्या आणि सागरगोटे काय काम करतात ते आल्याआल्या समजून घ्यावं लागलं. चौसष्ट साली जानकी गेली.

सदुसष्टच्या जानेवारीत बंदरावरच्या मोहल्ल्यातली जोहरा बाळंत झाली. मुलगा, साडेतीन पौंड, आठव्यातला. तिची सासू दाराशी बसून डोळे पुसत होती. काय करायचं ते अल्लाने ठरवलेलंच आहे, असं ती म्हणाली. धर्म वेगळा, पण आठवा महिना सगळ्यांचा एकच. तुळसाचे केस आता पिकले होते आणि वाद घालायची ताकद कमी झाली होती. तिने शाळेत निरोप धाडला.

मंजुळा मधल्या सुट्टीत आली. अकरा वर्षांची, हडकुळी, दोन वेण्या, परकराच्या ओच्यात काहीतरी खुळखुळत होतं. आजीसारखीच सरळ खाटेशी गेली, फडक्यातलं मूल वाकून पाहिलं, आणि मग सासूकडे वळली.

"दूध दिलास काय हेका?"

म्हातारीने नाही म्हणून मान हलवली. "आठव्याचा हाय ता, बाय. जगनार नाय."

"दूध दिलास नाय तर जगतलां कसां?" मंजुळा म्हणाली, आणि ओच्यातले बारा सागरगोटे काढून करवंटीत ओतले.

तुळसाने साबण घेतला आणि म्हातारीपुढे धरला.